मोहरीएवढ्या तुकड्याचा आवाज

अहो,

कॉलेजातल्या शोकसभेत मी काही बोलले नाही. प्राचार्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, मी दोनदा मान हलवली. तुम्ही मुलांना किती जीव लावत होता, कुणाची फी भरायची राहिली तर स्वतः ऑफिसात जाऊन मुदत मागून आणत होता, हे सगळं इतरांनी सांगितलं. खरंच होतं ते. पण मला जे सांगायचं होतं ते त्या हॉलला सांगण्यासारखं नव्हतं. ते फक्त तुम्हाला सांगायचं होतं, आणि तुम्ही समोर टेबलावर हार घातलेल्या फोटोत होता.

तुम्ही जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तुमच्याशी एक शब्द खोटा बोलले. एकच शब्द. त्या शब्दामुळे पुढे जे झालं ते कुणालाही माहीत नाही, असं मला कालपर्यंत वाटत होतं. दीड महिना झाला. ते लिहून काढल्याशिवाय आता दुसरं काही सुचत नाही.

आपलं भांडण सुरू झालं ते पाण्यावरून. बाहत्तरचा पाऊस आलाच नव्हता. दिल्ली दरवाज्याजवळच्या आपल्या दोन खोल्यांना दिवसाआड तासभर पाणी यायचं. पुणतांब्याची विहीर आटली, गोदावरीत नुसती वाळू उरली, म्हणून तुमच्या आई आपल्याकडे राहायला आल्या होत्या. आणि तुम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कोंबडीच्या अंड्यांवरच्या प्रयोगासाठी, पाणी उकळून, त्याची वाफ पुन्हा थंड करून, थेंब थेंब शुद्ध पाणी गोळा करत होता. एक बाटली भरायला, ती वाफ थंड करायला, नळाचं कितीतरी पाणी नुसतं वाहून जायचं. मी ते बघितलं आणि माझा तोल गेला. बायका टँकरमागे धावतायत आणि तुम्ही कोंबडीच्या मेंदूला पाणी पाजताय, असं काहीसं मी तुमच्या शिपायासमोर म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते वाहून जाणारं पाणी तुम्ही बादल्यांत धरायला लागलात आणि सायकलला दोन बाजूंना दोन बादल्या अडकवून चालत घरी आणायला लागलात. आपण त्यात कपडे धुतले, भांडी घासली. हृदयाची झडप खराब असलेला माणूस रोज संध्याकाळी दोन बादल्या ओढत आणतो, आणि त्याची बायको नर्स असून ते चालू देते. माझा राग गेला नव्हता म्हणून मी चालू दिलं. हेही लिहून ठेवते.

आठ वर्षांचे असताना तुम्हाला सांधेताप आला आणि तो झडप खराब करून गेला, हे लग्नाआधीच तुमच्या घरच्यांनी सांगितलं होतं. त्यापायी तुम्ही मुंबईची संशोधनाची नोकरी दोन वर्षांत सोडून नगरला प्राणिशास्त्र शिकवायला आलात. पण मुंबईत जे ऐकून आला होता ते सुटलं नव्हतं. एकदा गच्चीवर आई शेंगा निवडत असताना तुम्ही ते आम्हा दोघींना समजावलंत. अंड्यातलं पिल्लू चौथ्या-पाचव्या दिवसापासून हलायला लागतं. कुणी हात लावलेला नसतो, डोळे उघडलेले नसतात, कान झालेले नसतात. मग त्याला हलायला सांगतं कोण?

"देव," आई म्हणाल्या.

तुम्ही म्हणालात की देव असेल, पण तो कसा सांगतो ते बघायचंय. चेतापेशी वाढता वाढता एकमेकींना जोडल्या जातात. सांधे जुळले की त्या आपापसात बोलायला लागतात, बाहेरून कुणी काही विचारायच्या आधी. आधी एखादीच, मग शेजारची, मग पुष्कळशा एकदम. मेंदूचा तुकडा अंड्यातून काढून काचेच्या बशीत वाढवला, त्याला शरीर नाही, डोळे नाहीत, काही नाही, तरीसुद्धा त्या बोलतात, असं परदेशात लोकांनी पाहिलंय. तुम्हाला ते सुरू होताना ऐकायचं होतं. पुण्यात नाही, मुंबईत नाही, इथे नगरला.

तुम्ही लाकडी पेटीत बल्ब लावून अंडी उबवायला ठेवलीत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि आपल्याला मूल नव्हतं. त्या पेटीवरून शेजारी काय बोलले ते तुमच्या कानावर गेलं असेलच. आईसुद्धा एकदा म्हणाल्या, "त्याला म्हनावं, कोंबडीचं काम कोंबडीला करू दे." तुम्ही हसलात. मी स्वयंपाकघरात निघून गेले, आणि तुम्ही मागे आला नाहीत. हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

दिवाळीपासून तुमच्या तीन खेपा फुकट गेल्या. दर खेपेला चौथ्या-पाचव्या दिवशी बशीतलं पाणी गढूळ व्हायचं, म्हणजे आत जंतू शिरलेले असायचे. एका रविवारी मी डबा घेऊन आले आणि स्टुलावर बसून तुमचं काम बघितलं. तुम्ही चिमटा ज्योतीतून काढलात आणि विचार करता करता सदऱ्याच्या बाहीला टेकवलात. मी ओरडलेच. ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी असं केलं असतं तर डॉक्टरांनी बाहेर काढलं असतं. तुम्ही उठलात आणि तुमचं स्टूल मला दिलंत. नवऱ्यानं असं उठून जागा देणं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून तुकडा मी कापायला लागले. आठ दिवसांच्या पिल्लाचं डोकं, त्यातून ब्लेडच्या टोकानं मोहरीच्या दाण्याएवढा भाग काढायचा, बशीत ठेवायचा, झाकायचा. माझे हात थरथरत नव्हते, तुमचे थरथरायचे. पुढे कुणीही विचारलं की तुम्ही सांगायचात, "सुमन कापते, मी ऐकतो." विभागप्रमुखांनाही तुम्ही तसंच सांगितलंत. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आता मानते.

अंडी तुम्ही घोडेगावहून आणायचात, घरात कोंबडा असलेल्या एका बाईकडून. शुक्रवारी बाजाराच्या एस.टी.ने जायचात आणि भुशात ठेवलेली टोपली मांडीवर घेऊन परत यायचात. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी तुम्ही आलात ते जेवलाच नाहीत. बाजारात गुरं दावणीला उभी होती आणि घेणारं कुणी नव्हतं, एवढंच सांगितलंत. मग म्हणालात, की अशा वर्षी मी हे काय करतोय असं वाटतं. पाण्याचं भांडण अजून माझ्या डोक्यात होतं. मला म्हणता आलं असतं की बरोबर आहे तुमचं. मी म्हणाले, "अंडी गार पडतील. आधी पेटीत ठेवा." तुम्ही उठलात. कदाचित आपल्या संसारात मी बोललेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य असेल.

आवाज ऐकायचं यंत्र माळीवाड्यातल्या युसूफभाईंनी केलं. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. बशीतला आवाज माणसाच्या कानाला ऐकू यावा म्हणून तो हजारो पटींनी वाढवायचा होता. त्यांनी दोन जुन्या रेडिओंतून एक यंत्र जोडलं, ते ट्रकच्या बॅटरीवर चालवलं आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून टेबलाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकली. तुम्ही काचेची नळी जाळावर ओढून तिला केसाहून बारीक टोक काढायचात, आत मिठाचं पाणी भरायचात. ते टोक तुकड्याला टेकवायचं आणि स्पीकरला कान द्यायचा. पण प्रत्येक वेळी ऐकायचं म्हणजे बशी उघडायची, आणि उघडली की जंतू शिरायची भीती. ऐकलं तर मरेल, नाही ऐकलं तर कळणार नाही. त्या महिन्यात आपण दोघं त्या भीतीतच वावरत होतो.

जानेवारीच्या खेपेत पाच बश्या जगल्या. अकराव्या दिवशी रविवार होता, दुपारचे तीन वाजले होते. युसूफभाई यंत्रापाशी, तुम्ही स्क्रू फिरवून टोक खाली आणताय, मी झाकण धरून उभी. स्पीकरमधून नुसती घरघर येत होती. मग त्या घरघरीत काहीतरी फुटल्यासारखं झालं. कट्. बराच वेळ काही नाही. मग कट्, कट्. मी म्हणाले, शेजारच्या गिरणीची मोटर असेल. तुम्ही म्हणालात, तेच असणार. तुम्हाला खोट्या आनंदाची इतकी धास्ती होती की तुम्ही माझ्या आधी शंका काढायचात.

तेवढ्यात लाईट गेली. घरघर एकदम बंद पडली, कारण ती भिंतीतल्या तारांतून येत होती. गिरणीही थांबली. आपलं यंत्र बॅटरीवर चालूच होतं. आणि त्या शांततेत स्पीकर स्वच्छ बोलला. कट्. कट्. मग चार-पाच एकदम, जणू कुणी मूठभर ज्वारी पत्र्यावर टाकली. मग पुन्हा काही नाही.

युसूफभाईंनी हात वर केला. "सर, हा आपला आवाज नाही," ते म्हणाले. "आपल्या यंत्राचा प्रत्येक आवाज मला पाठ आहे."

तुम्ही खाली बसलात. तुम्ही बशीकडे बघत होता आणि मी तुमच्या मानेकडे. तिथली शीर उडताना दिसत होती, वाकडीतिकडी, मध्येच एखादा ठोका गाळत. सवयीनं मी ते मोजत होते. आपण दोघं एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी मोजत होतो, आणि मी माझा आकडा तुम्हाला सांगितला नाही.

लाईट संध्याकाळपर्यंत आली नाही. पेटी गार पडली. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून आपण आत ठेवल्या, तरी दोन बश्या दुसऱ्या दिवशी मुक्या झाल्या. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी दोन गढुळल्या. एक उरली.

त्या एका बशीवरून आपलं शेवटचं भांडण झालं, तेरावा दिवस होता तिचा. तुम्हाला परीक्षा घ्यायची होती. आवाज येतो, एवढ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं तुमचं म्हणणं. बशीत मॅगसल्फचे थेंब टाकायचे. ते औषध दोन पेशींमधला सांधा बंद करतं. आवाज सांध्यांतून येत असेल तर थांबेल. मग ते धुऊन काढायचं, आणि आवाज परत आला पाहिजे. परत आला तर सिद्ध झालं की पेशी जिवंत आहेत आणि त्या खरोखर एकमेकींशी बोलत होत्या. मला ते औषध चांगलं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी झटके आलेल्या एका बाळंतिणीला ते देऊन मी दिवसभर तिच्याजवळ बसले होते, गुडघ्यावर छोटी हातोडी मारत. औषध जास्त झालं की गुडघा उडत नाही, आणि उतरलं की परत उडायला लागतो. ती गोष्ट मीच तुम्हाला सांगितली होती.

मी म्हणाले, एकच बशी आहे, तिला हात लावू नका. आणखी थोडे दिवस ऐका.

"न विचारता नुसती जगवून काय करू?" तुम्ही म्हणालात.

"आणि मेली तर?"

"तर मेली. पण विचारलं तरी असेल."

मग मला राहवलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी झडपेच्या ऑपरेशनसाठी दोनदा बोलावलं होतं. तुम्ही दोन्ही वेळा तारीख पुढे ढकलली होती.

"बशीला धोका चालतो," मी म्हणाले, "तुम्हाला का चालत नाही?"

"ही खेप झाली की जाऊ."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होता."

तुम्ही ताट सरकवलंत आणि बाहेर गेलात. ते भांडण तिथेच थांबलंय. मी अजून रागावलेली आहे. लोक मला धीर द्यायला येतात तेव्हा मला त्यांना सांगावंसं वाटतं की मला धीर नकोय, मला या माणसाशी भांडायचंय, त्याला परत बोलवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी काढताना तुम्हाला धाप लागली आणि ओठ निळे पडले. टांग्यातून मी तुम्हाला माझ्याच इस्पितळात आणलं. ऑक्सिजन लावल्यावर अकराच्या सुमारास रंग परत आला, डॉक्टर म्हणाले आज ठीक आहे, आणि तुम्ही नळी बाजूला करून पहिलं वाक्य बोललात ते बशीबद्दल. काल ती किंचित गढुळल्यासारखी दिसली होती, उद्या उरायची नाही, म्हणून आजच करून घे. मी नाही म्हणाले. तुम्ही माझा हात धरलात. "तुझे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत," तुम्ही म्हणालात. मी आईंना तुमच्याजवळ बसवलं आणि एक वाजता निघाले.

युसूफभाईंनी यंत्र लावून दिलं. बशी उघडली. आवाज येत होता, चांगला येत होता. मी मॅगसल्फ सोडलं. तीन-चार मिनिटांत आवाज विरळ झाला आणि बंद पडला. युसूफभाई माझ्याकडे बघून हसले. पहिला अर्धा भाग तुमच्या मनासारखा झाला होता. मग मी पाणी बदललं, तीनदा, शरीराएवढं कोमट करून. आणि वाट बघत बसले. तासाभरानं युसूफभाई दुकान उघडायला गेले. मी एकटी. स्पीकरमधून बारीक सुरसुर येत होती, बाकी काही नाही. दोन तास झाले.

दोन तासांनी मी बशी खिडकीपाशी उजेडात धरली. मला ती गढूळ दिसली. खरंच गढुळली होती की मला तुमच्याकडे यायचं होतं म्हणून गढूळ दिसली, हे मी रोज स्वतःला विचारते. इस्पितळात आमची सवय अशी, की संशय आला तर टाका. मी ती जंतुनाशक कार्बोलिकच्या भांड्यात उलटी केली, हात धुतले, टेबल पुसलं आणि जवळजवळ धावत आले.

तुम्ही जागे होतात.

"थांबलं?"

"थांबलं."

"परत आलं?"

"नाही." एवढं मी खरं सांगितलं.

"किती वेळ बघितलंस?"

"दोन तास."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं वाईट वाटलं. पण तुम्ही हिशेब करत होता. "तुझ्या त्या बाळंतिणीचा गुडघा किती वेळानं उडाला होता?"

"चार तासांनी."

"मग? आपला तुकडा जाड आहे. आतलं औषध बाहेर यायला वेळ लागणारच. दोन तास कमी झाले, सुमन." मग तुम्ही डोळे उघडलेत. "राहू दे पेटीत. सकाळी जाऊन बघ."

मी म्हणाले, "बघते."

तोच तो शब्द. मला सांगता आलं असतं की मी टाकली. तुम्ही चिडला असतात, कदाचित खूप चिडला असतात, आणि मला भीती वाटली की चिडलात तर धाप लागेल. असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला लाज वाटली. गुडघ्याची गोष्ट माझी होती. चार तास मला माहीत होते.

सकाळी सहाला तुम्ही उठलात. आई पायथ्याशी बसून होत्या. चेहरा बरा वाटत होता, आवाज बारीक होता. "गेली नाहीस अजून?" तुम्ही विचारलंत. "जाते," मी म्हणाले आणि पिशवी उचलली.

कुठे जाणार होते मी? पेटीत काही नव्हतं. जिना उतरले आणि इस्पितळाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिले. कॉलेजात जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ काढायचा होता. थंडी होती. ओळखीची आया बादली घेऊन गेली, तिनं विचारलं, सिस्टर, इथे कशा? मी काहीतरी उत्तर दिलं. परत गेल्यावर काय सांगायचं याचा विचार करत होते. आवाज आला म्हणू, की नाही आला म्हणू. मग कधीतरी मनाशी ठरलं, की सांगायचं. बशी टाकली, चूक झाली, रागवा. ठरल्यावर मला हलकं वाटलं आणि मी जिना चढले.

तुमच्या खाटेभोवती पडदा लावलेला होता. इतकी वर्षं मी स्वतः ते पडदे लावत आलेय. पुढे कुणाला मला काही सांगावं लागलं नाही.

म्हणजे मी तुमच्याजवळ नव्हते. खाली होते, पन्नास पावलांवर, न गेलेल्या ठिकाणाहून परत यायची वाट बघत. तुमच्याशी खरं बोलले असते तर त्या वेळी तुमचा हात माझ्या हातात असता. तुम्ही चिडलेले असतात, पण माझ्यासमोर असतात.

तेराव्यानंतर तुमचे विभागप्रमुख घरी आले. पेटी आणि यंत्र कुणाला द्यायचं ते विचारायला आले होते. मी म्हणाले, अजून देऊ नका. पुढच्या शुक्रवारी मी घोडेगावला गेले. त्या बाईंनी मला ओळखलं नाही, पण भुशाची टोपली ओळखली. त्यांनी विचारलं, मास्तर आले नाहीत का. मी सांगितलं. त्यांनी टोपलीत अंडी ठेवली आणि बराच वेळ माझा दंड धरून उभ्या राहिल्या. तुम्ही त्यांच्याशी काय बोलायचात, किती बसायचात, मला काहीच माहीत नाही. विचारायला हवं होतं.

आठ दिवस उबवणी, मग कापणं. सहा बश्या लावल्या, चार जगल्या. या वेळी मी युसूफभाईंना रोज बश्या उघडू दिल्या नाहीत. बाराव्या दिवशी पहिली उघडली, आणि आवाज होता. तुमच्यासाठी लिहिते: आधी तुरळक, मग मधूनच झुंबड, मग शांत, अगदी जानेवारीसारखा. पंधराव्या दिवशी, म्हणजे परवा, मी मॅगसल्फ सोडलं. आवाज थांबला. धुतलं. सकाळचे साडेआठ झाले होते.

साडेदहा वाजले. काही नाही. युसूफभाईंनी या वेळी दुकान बंद ठेवलं होतं. ते जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. मी बशीकडे बघत नव्हते, कारण बघितलं तर मला ती गढूळ दिसली असती. अकरा वाजले. आता नाही आलं तर निदान माझी पहिली बशी मेलेलीच होती असं तरी म्हणता येईल, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. तुमचं काम फसावं असं मला क्षणभर वाटलं. हेसुद्धा लिहून ठेवते.

अकरा चाळीसला कट् असा एक आवाज आला. युसूफभाई ताठ बसले. सहा-सात मिनिटं काही नाही. मग दुसरा. मग दोन एकदम. बारापर्यंत पेशी पूर्ववत बोलायला लागल्या. युसूफभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी मान वळवून खांद्याला पुसलं. मला रडू आलं नाही. तुमचं बरोबर होतं. दोन तास कमी होते. मी त्या दिवशी आणखी तासा-दीड तासासाठी थांबले असते तर ऐकलं असतं, आणि संध्याकाळी तुम्हाला सांगितलं असतं, आणि सकाळी मला कुठेही जावं लागलं नसतं.

मी तुमची वही काढली. परवाचं सगळं वेळेसकट लिहिलं. मग आठ पानं मागे गेले, जिथे तुमच्या अक्षरात त्या शेवटच्या बशीचा तेरावा दिवस आहे, आणि त्याखाली माझ्या अक्षरात लिहिलं: चौदावा दिवस, मॅगसल्फ दिलं, आवाज थांबला, धुतलं, दोन तास ऐकलं, परत आला नाही, बशी टाकून दिली. टाकताना जिवंत होती की नाही ते माहीत नाही. खाली सही केली.

काल विभागप्रमुखांनी वही चाळली. ते ती मुंबईला तुमच्या जुन्या सरांकडे पाठवणार आहेत. त्या पानावर ते थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हे एवढं पान नसलं तरी चालेल. वहीवर त्यांचं नाव आहे." त्यांचा हेतू चांगला होता. मी सांगितलं की पान राहील. तुम्ही असतात तर आधी ते पान वाचलं असतं, मला चार शब्द सुनावले असते आणि मग तसंच ठेवलं असतं. तुमच्याबद्दल एवढं मला नक्की माहीत आहे.

मग काल संध्याकाळी मी आईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. मी म्हणाले, आई, त्या सकाळी मी कॉलेजात गेलेच नव्हते.

त्यांनी हात थांबवला नाही. "ठाव हाय," त्या म्हणाल्या. "खिडकीतनं दिसत हुतीस. लिंबाखाली उभी हुतीस."

मी विचारलं, तुम्ही त्यांना सांगितलंत?

"त्यानं इचारलं, गेली का. म्या म्हनले, गेली." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "बरं वाटलं त्याला. मग पडून ऱ्हायला."

दीड महिना त्यांनी हे मनात ठेवलं. मला एका शब्दानं विचारलं नाही की का उभी होतीस. मी चुलीपाशी बसले आणि सगळं सांगितलं, बशी, कार्बोलिक, चार तास, सगळं. त्यांना किती समजलं माहीत नाही. पण ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, की त्यो आवाज आता येतोय का. येतो, मी म्हणाले. अजून तीन बश्या आहेत.

उद्या सकाळी सातला मला कॉलेजात जायचंय. आई म्हणतात, त्याही येणार आहेत. त्यांना प्रयोगशाळेचा जिना चढवायला युसूफभाई येतो म्हणालेत.